प्राध्यापक निवडताना स्त्री-पुरुष समतेची बांधिलकी कशी तपासावी : निवड समित्यांसाठी मार्गदर्शक

नाशिकमध्ये १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९९८ पासूनचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि कॉलेज रोड-गंगापूर रोडपासून पेठ-सुरगाण्यापर्यंत पसरलेली अनेक महाविद्यालये आहेत. दिंडोरी, निफाड, सिन्नर येथून सकाळच्या एसटीने येणाऱ्या मुली, घर-शेत सांभाळून अभ्यासकेंद्रात येणाऱ्या विवाहित विद्यार्थिनी आणि परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या तरुणी यांना महाविद्यालयात कोणती वागणूक मिळते, हे मुख्यतः त्यांना शिकवणाऱ्या व्यक्तींवर ठरते. तरीही प्राध्यापकांच्या मुलाखतीत हा विषय आलाच तर अगदी शेवटी, 'महिला सक्षमीकरणाबद्दल आपले मत काय?' अशा रूपात येतो. त्यावर प्रत्येक उमेदवार जवळपास सारखेच उत्तर देतो आणि समितीला त्यातून काहीही कळत नाही. अशा प्रश्नाच्या जागी काय ठेवता येईल, कायद्याच्या चौकटीत राहून ते कसे तपासावे आणि त्याला गुण कसे द्यावेत, हे पुढे क्रमाने मांडले आहे. विद्यापीठाचे विभाग, संलग्न महाविद्यालये आणि तासिका तत्त्वावर शिक्षक नेमणारे प्राचार्य, या सर्वांना ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी : पदाची गरज जाहिरातीआधी लिहून काढा

समितीला उमेदवाराच्या मनात डोकावता येत नाही आणि तिने तसा प्रयत्नही करू नये. उमेदवाराने आजवर काय केले आणि नोकरीत हमखास येणाऱ्या प्रसंगी तो काय करील, एवढेच तपासता येते. म्हणून पद भरण्याचा प्रस्ताव तयार होतानाच विभागाच्या बैठकीत, या पदावरील व्यक्तीला समतेच्या संदर्भात कोणती कामे प्रत्यक्ष करावी लागतील, ते चार-पाच वाक्यांत लिहून घ्यावे. प्रयोगशाळेत आणि क्षेत्रभेटीत कामाची वाटणी समान ठेवणे, तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला योग्य मार्ग दाखवणे, विभागातील कामे स्त्री-पुरुष सहकाऱ्यांत न्याय्य रीतीने वाटणे, अशी ही कामे असू शकतात. पद पीएच.डी. मार्गदर्शकाचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार संशोधक महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, हे मार्गदर्शकाला माहीत असणे आणि त्याने ते मनापासून पाळणे, हाही कामाचाच भाग आहे. आरोग्य विज्ञानाच्या पदासाठी रुग्ण स्त्रीची संमती आणि परिचारिकांशी वागणूक या गोष्टी यादीत याव्यात, तर मुक्त विद्यापीठाच्या पदासाठी नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या स्त्रियांच्या सोयीचा विचार त्यात यावा.

या अपेक्षांना भक्कम आधार आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१क (ङ) प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. अनुच्छेद १६ सार्वजनिक नोकरीत लिंगाधारित भेदभावाला मनाई करतो. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी लैंगिक छळाच्या प्रतिबंधाची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे, आणि उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात लिंगभाव समतेसाठी संस्थेने केलेल्या उपाययोजनांची माहिती द्यावी लागते. तेव्हा हा कुणा एका प्राचार्यांचा किंवा कुलगुरूंचा वैयक्तिक आग्रह आहे, असे मानण्याचे कारण नाही.

एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी. पदाची पात्रता सर्वसाधारणपणे आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी ठरते आणि समितीला तीत स्वतःची भर घालता येत नाही. समितीच्या हाती मुलाखतीतील मूल्यमापनाची पद्धत असते, आणि तीही लागू शासन निर्णयांच्या अधीन राहूनच ठरवावी लागते. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसताना, निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. समतेशी संबंधित प्रसंगांवर प्रश्न विचारले जातील आणि त्यांना अमुक इतके गुण असतील, हे कुलसचिव आणि विधी कक्ष यांच्याकडून तपासून घेऊन जाहिरातीसोबतच प्रसिद्ध करावे.

निकष आधी लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पोलीस प्रमुखाच्या पदासाठी उमेदवारांचे मूल्यमापन करायला सांगितले होते. पुरुष उमेदवार शिकलेला असेल तर मूल्यमापन करणाऱ्यांना शिक्षण महत्त्वाचे वाटत होते, आणि तो रस्त्यावरच्या कामात मुरलेला असेल तर अनुभव महत्त्वाचा वाटत होता. कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यायचे हे उमेदवार पाहण्याआधीच ठरवायला लावल्यावर हा पक्षपात दिसेनासा झाला. ज्या समितीने समता तपासायची, तिच्याच हातून विषमता होऊ नये यासाठी यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

दुसरी पायरी : समितीची तयारी

उमेदवारांत महिला किंवा इतर विनिर्दिष्ट प्रवर्गांतील व्यक्ती असतील आणि समितीत त्या प्रवर्गाचा सदस्य नसेल, तर त्या प्रवर्गातील शिक्षणतज्ज्ञ नेमण्याची तरतूद २०१८ च्या विनियमांत आहे. ती पाळली जाते, परंतु अनेकदा त्या एकट्या महिला सदस्याकडेच समतेचा प्रश्न सोपवला जातो आणि इतर सदस्य तेवढा वेळ कागद चाळत बसतात. हा विषय दुय्यम आहे, हे उमेदवाराला त्यातूनच कळते. माझ्या मते हे प्रश्न अध्यक्षांनी किंवा ज्येष्ठ विषयतज्ज्ञांनी विचारावेत.

समितीत स्त्री असली म्हणजे पक्षपात टळला, असेही समजू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विज्ञान शाखांच्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठी एकच अर्ज पाठवला गेला. काहींकडील अर्जावर पुरुषाचे नाव होते, तर काहींकडील अर्जावर स्त्रीचे. पुरुषाचे नाव असलेला अर्जदार अधिक सक्षम ठरवला गेला आणि त्याला वेतनही अधिक देऊ केले गेले. असा कौल देण्यात प्राध्यापक आणि प्राध्यापिका यांच्यात फरक नव्हता. म्हणून मुलाखतीच्या आधी एक बैठक घेऊन दोन काल्पनिक उत्तरे सर्व सदस्यांना स्वतंत्रपणे तपासायला द्यावीत आणि गुणांत जिथे मोठी तफावत येईल तिथे थांबून बोलावे.

तिसरी पायरी : अर्जात विचारांपेक्षा कृती मागा

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे उमेदवारांकडून विविधता आणि समावेशनाबद्दलचे निवेदन घेत असत. ही निवेदने म्हणजे वैचारिक चाचणी आहे आणि त्यांत ठरावीक साच्याची वाक्ये येतात, अशी टीका वाढली. एमआयटीने आणि हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने २०२४ मध्ये ती मागणे थांबवले. ही टीका आपण गंभीरपणे घ्यावी. उमेदवाराला निबंध लिहायला लावला, तर ज्याची भाषा चांगली त्याला गुण मिळतात.

त्याऐवजी एका पानात तीन गोष्टी मागाव्यात : अध्यापनात, संशोधनात किंवा संस्थेच्या कामात समतेसाठी केलेले एखादे काम, त्यात उमेदवाराचा स्वतःचा वाटा, आणि त्यातून झालेला बदल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलींची संख्या का कमी पडते हे शोधून निवासाची व्यवस्था बदलणे, अभ्यासक्रमात स्त्री संशोधकांचे लेखन आणणे, प्रयोगवहीत नोंद ठेवणारी मुलगी आणि उपकरण हाताळणारा मुलगा ही ठरून गेलेली वाटणी मोडणे, अशी साधी कामे येथे पूर्ण किमतीची धरावीत. ऑनलाइन वेबिनारच्या प्रमाणपत्रांना मात्र फारसे महत्त्व देऊ नये. सुरगाण्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या व्यक्तीला समितीचे सदस्यत्व किंवा परिषदेचे व्यासपीठ क्वचितच मिळते. तिच्याकडे पदांची यादी नसेल, पण वर्गातले काम असेल. मिळालेल्या संधीच्या मानाने काय केले, हे पाहावे.

छाननीच्या वेळी सेवेतील खंड दिसला तर त्याचा अर्थ लावत बसू नये. पदोन्नतीच्या श्रेणीकरणात प्रसूती रजा, बालसंगोपन रजा अशा सवेतन रजांचा काळ वगळण्याची तरतूद २०१८ च्या विनियमांत आहे. थेट भरतीत अर्ज वाचतानाही तीच दृष्टी ठेवावी.

चौथी पायरी : मुलाखतीचे प्रश्न

मुलाखत हाच या प्रक्रियेचा गाभा आहे. सर्व उमेदवारांना, स्त्री असो वा पुरुष, तेच प्रश्न त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत विचारावेत. उपप्रश्नही आधी ठरवावेत, कारण एकाला 'म्हणजे नेमके काय केले?' असे खोदून विचारायचे आणि दुसऱ्याच्या मोघम उत्तरावर मान डोलवायची, यातूनच निकाल फिरतो. तीन प्रश्न पुरतात. त्यातील एक घडून गेलेल्या अनुभवाचा असावा आणि दोन संभाव्य प्रसंगांचे असावेत.

अनुभवाचा प्रश्न असा विचारता येईल : 'आपल्या वर्गात किंवा विभागात मुलामुलींना अथवा स्त्री-पुरुष सहकाऱ्यांना वेगळी वागणूक मिळते आहे, असे आपल्या लक्षात आले असा एखादा प्रसंग सांगा. आपण काय केले आणि पुढे काय झाले?' येथे यशाची कथा अपेक्षित नाही. प्रयत्न फसला, पण का फसला हे ज्याला नीट सांगता येते, त्याचे उत्तर 'आमच्याकडे असा भेदभाव कधी झालाच नाही' या उत्तरापेक्षा कितीतरी वरचे आहे.

दुसरा प्रश्न विषयाशी जोडलेला असावा. वनस्पतिशास्त्राच्या पदासाठी म्हणता येईल की, अंजनेरीच्या अभ्याससहलीला वर्गातील बऱ्याच मुलींचे पालक परवानगी देत नाहीत आणि सहलीच्या अहवालाला अंतर्गत गुण आहेत, अशा वेळी आपण काय कराल? 'ज्या येणार नाहीत त्यांना ग्रंथालयात बसून अहवाल लिहू देईन' हे उत्तर वरवर दयाळू आहे, पण त्यामुळे मुलींचे शिक्षणच कमी होते. 'पालकांशी बोलेन' हे मध्यम उत्तर आहे. सोबत महिला शिक्षिका किंवा कर्मचारी असेल याची व्यवस्था करणे, शेवटच्या एसटीच्या वेळेत परत येता येईल असे नियोजन करणे, स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवणे, पालकांना हे सर्व लेखी कळवणे आणि तरीही कोणी राहिलीच तर तिला प्रत्यक्ष निरीक्षणाची दुसरी संधी देणे, इथपर्यंत जो पोहोचतो त्याने प्रश्नाचे मूळ ओळखले आहे. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीसाठी हाच प्रश्न सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील प्रशिक्षणाला जोडता येईल.

तिसरा प्रश्न तक्रारीचा. एक विद्यार्थिनी तास संपल्यावर भेटते, एका शिक्षकाच्या वागण्याबद्दल सांगते आणि 'सर, कुणाला सांगू नका' अशी विनंती करते. या प्रश्नाइतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्याही प्रश्नातून मिळत नाही. 'दोघांना समोरासमोर बसवून समज देईन' किंवा 'आधी खरे-खोटे करून पाहीन' असे म्हणणारे उमेदवार बरेच असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. परंतु चौकशीचा अधिकार अंतर्गत तक्रार समितीचा आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार समेटही केवळ पीडित महिलेच्या विनंतीवरून आणि त्या समितीमार्फतच होऊ शकतो. पैशांची देवघेव हा समेटाचा आधार होऊ शकत नाही. चांगल्या उत्तरात चार गोष्टी असतात : शांतपणे ऐकून घेणे, पाळता येणार नाही असे वचन न देणे, अंतर्गत तक्रार समितीची आणि तक्रार करण्यासाठीच्या सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या मुदतीची माहिती देणे, आणि तिची इच्छा असेल तर तिच्यासोबत जाणे. कायद्याचे कलम पाठ नसले तरी चालेल, पण आपल्याला काय करण्याचा अधिकार नाही याची जाणीव उत्तरात असलीच पाहिजे.

विभागप्रमुख किंवा प्राचार्य पदासाठी आणखी एक प्रश्न ठेवावा. नॅक समितीच्या भेटीच्या तयारीत रांगोळी, औक्षण आणि चहापान महिला प्राध्यापकांकडे, तर संशोधनाच्या निकषाचे सादरीकरण पुरुष प्राध्यापकांकडे, अशी यादी आपल्या सहीसाठी आली तर आपण काय कराल? आपल्या महाविद्यालयांत हे इतके अंगवळणी पडले आहे की काही उमेदवारांना यात काही खटकतच नाही. तसे असेल तर तीही नोंद घ्यावी.

प्रत्येक प्रश्नासाठी कमी, मध्यम आणि उत्तम उत्तराचा नमुना आधीच लिहून ठेवावा. महिला उमेदवाराची बांधिलकी गृहीत धरून तिला सूट देऊ नये. मुलींच्या पेहरावावर नजर ठेवणे हीच शिस्त, असे मानणाऱ्या शिक्षिकाही असतात. त्याचप्रमाणे एखाद्या धोरणाबद्दल, उदाहरणार्थ महिलांच्या समांतर आरक्षणाबद्दल, उमेदवाराचे मत वेगळे असेल तर त्याचे गुण कापू नयेत. मत बाळगण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. कायदा व नियम पाळण्याची आणि सर्वांना समान वागवण्याची त्याची तयारी आहे का, एवढाच समितीचा प्रश्न आहे.

अध्यापनाचे प्रात्यक्षिक असेल तर एका सदस्याने केवळ प्रश्न कोणाला विचारले गेले, उत्तरासाठी कोणाला वेळ मिळाला आणि उदाहरणांत स्त्रिया कोणत्या भूमिकांत आल्या, एवढेच टिपावे. मात्र वीस मिनिटांच्या तासावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत.

पाचवी पायरी : काय विचारू नये

'यजमान कुठे असतात?', 'सासर नाशिकचेच का?', 'मुले लहान आहेत, मग संध्याकाळची बॅच जमेल का?' हे प्रश्न आपुलकीच्या सुरात विचारले जातात आणि ते फक्त स्त्रियांनाच विचारले जातात. नीरा माथुर प्रकरणात आयुर्विमा महामंडळाने नोकरीच्या वेळी मासिक पाळी आणि गर्भधारणेबद्दलची माहिती भरून घेतली होती. असे तपशील मागणे स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुनावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. पदाला रविवारची संपर्कसत्रे किंवा मुक्कामी शिबिरे असतील, तर ती अट सर्व उमेदवारांना सारख्याच शब्दांत सांगावी आणि 'हे आपल्याला मान्य आहे का?' एवढेच विचारावे. तृतीयपंथी उमेदवारांना नोकरीत भेदभाव न करण्याचे बंधन २०१९ च्या कायद्याने घातले आहे, त्यामुळे त्यांच्या देहाविषयी किंवा कुटुंबाविषयी कोणतीही विचारणा होता कामा नये. एखाद्या सदस्याने असा प्रश्न विचारलाच, तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे 'याचे उत्तर देण्याची गरज नाही' असे सांगावे. नंतर कानात सांगून उपयोग नाही, कारण उमेदवाराचा धीर तोवर खचलेला असतो.

सहावी पायरी : शिफारशी आणि पूर्वीची वर्तणूक

शिफारसपत्रे वाचताना विशेषणांकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांविषयीची पत्रे तुलनेने आखूड होती आणि त्यांत शंका निर्माण करणारी वाक्ये अधिक होती. आपल्याकडेही 'मनमिळाऊ, कष्टाळू' आणि 'अभ्यासू, नेतृत्वगुण असलेला' अशी वाटणी सहज सापडते. त्यामुळे शिफारस देणाऱ्यांना मोकळे पत्र मागण्याऐवजी ठरावीक प्रश्न पाठवावेत. त्यात 'विद्यार्थिनी आणि महिला सहकारी यांच्याशी कामाच्या संदर्भात वागणूक कशी होती? उदाहरण द्या' हा एक प्रश्न असावा.

लैंगिक छळाच्या पूर्वीच्या तक्रारींबाबत फार जपून वागावे. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर, संबंधितांची ओळख आणि चौकशीचे तपशील उघड करता येत नाहीत. म्हणून फोन करून 'त्यांच्याबद्दल काही ऐकले आहे का?' अशी चौकशी करू नये. सिद्ध झालेल्या दोषारोपाबाबत उमेदवाराकडून स्वयंघोषणापत्र घ्यावे आणि सेवेतील शिस्तभंगाच्या कारवाईची माहिती आधीच्या संस्थेकडून अधिकृत पत्राने मागवावी. प्रलंबित तक्रार म्हणजे दोष नव्हे. आणि पूर्वी ज्या स्त्रीने स्वतः तक्रार केली, तिला 'त्रासदायक' ठरवून मागे टाकले जात असेल, तर ती संस्था समतेची परीक्षा घेण्यास अपात्रच आहे. ही कुजबूज समितीच्या खोलीत आली, तर अध्यक्षांनी ती इतिवृत्तात नोंदवून थांबवावी.

सातवी पायरी : गुणदान

उमेदवार खोलीबाहेर गेल्यावर चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे गुण लिहावेत, प्रत्येक गुणासोबत उमेदवाराच्या उत्तरातील आधार दोन ओळींत नोंदवावा आणि अध्यक्षांनी आपले गुण सर्वांत शेवटी सांगावेत. ज्येष्ठांनी आधी मत दिले की इतरांची मते त्याभोवती गोळा होतात, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मुलाखतीच्या एकूण गुणांपैकी दहा ते पंधरा टक्के या भागाला द्यावेत, असे माझे मत आहे. त्याहून कमी दिले तर प्रश्न नावापुरते राहतात, आणि फार अधिक दिले तर विषयज्ञान मागे पडल्याची रास्त तक्रार येते. तक्रार दडपण्याची तयारी दाखवणाऱ्या उमेदवाराची उणीव इतर गुणांनी भरून निघू नये असे वाटत असेल, तर या भागासाठी किमान गुणांची अट आधीच प्रसिद्ध करावी. गुणतक्ते जपून ठेवावेत. माहितीच्या अधिकारात किंवा न्यायालयात विचारणा झाली, तर त्या दोन ओळीच समितीच्या कामी येतील.

तासिका तत्त्वावरील नेमणुका जून-जुलैमध्ये घाईने होतात आणि तिथे बहुधा यातले काहीच घडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण अनेक महाविद्यालयांत मुलींना रोज शिकवणारे शिक्षक तेच असतात. निदान तक्रारीचा एक प्रश्न आणि स्वयंघोषणापत्र, एवढे तरी तिथेही घ्यावे. त्याला दहा मिनिटे लागतात.

आठवी पायरी : परिविक्षेचा काळ

निवड झाली म्हणजे तपासणी संपली असे नाही. २०१८ च्या विनियमांनुसार परिविक्षा कालावधी, म्हणजे सेवा कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ, एक वर्षाचा असतो आणि तो आणखी एक वर्षाने वाढवता येतो. रुजू होण्याच्या पहिल्या आठवड्यात अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांनी नव्या शिक्षकांशी तासभर बोलावे आणि समितीची कार्यपद्धती समजावून द्यावी. मुलाखतीत उमेदवाराने जे करीन म्हटले होते, त्यातील एक-दोन गोष्टी परिविक्षेच्या अहवालात शीर्षक देऊन लिहून ठेवाव्यात : क्षेत्रभेटीतील मुलींचा सहभाग, प्रकल्पगटांची रचना, मार्गदर्शनाच्या वेळा. सहा महिन्यांनी विभागप्रमुखांनी त्याबद्दल शिक्षकाशी बोलावे आणि विद्यार्थ्यांचा निनावी अभिप्राय घ्यावा. या अभिप्रायातही शिक्षिकांना अधिक कठोरपणे जोखले जाण्याची शक्यता असते, त्यामुळे 'शिक्षक कसे वाटतात?' असे न विचारता 'तासाला प्रश्न विचारण्याची संधी सर्वांना मिळते का?' असे वर्तनाला धरून प्रश्न असावेत. सेवा कायम करण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे जाईल तेव्हा मुलाखतीचा गुणतक्ता, सहा महिन्यांची नोंद आणि हा अभिप्राय, हे तिन्ही कागद एकाच धारिकेत जोडलेले असावेत.